दुसऱ्याच्या रोजच्या प्रवासासाठी स्वस्त आणि भरवशाची जुनी गाडी कशी निवडायची

"तुला गाड्यांतलं कळतं ना, मग तूच बघ" असं म्हणून घरातलं कोणीतरी सेकंडहँड गाडी बघायचं काम आपल्यावर टाकतं आणि आपणही हौसेने घेतो. पण यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, गाडी निवडणारे तुम्ही आहात आणि चालवणारं माणूस दुसरं आहे. तुम्हाला पिकअप आवडतो, मोठी स्क्रीन आवडते, पण संध्याकाळी सात वाजता हायवेच्या कडेला बंद गाडीजवळ उभं राहायची वेळ आली तर ती त्या माणसावर येणार आहे, तुमच्यावर नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सगळं चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितोय. नवीन माणसाला सुद्धा जमेल असं आहे, घाई करू नका एवढंच.

उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीचं घेतो. ताई नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला जाते, जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस. बजेट तीन-साडेतीन लाख.

पायरी १: गाडी बघायच्या आधी रस्ता बघा

ओएलएक्स उघडायच्या आधी तिच्यासोबत बसा आणि विचारा. किती वाजता निघतेस, परत किती वाजता, अंधार होतो का, सोबत कोण असतं, तिकडे पार्किंग उन्हात आहे का, घराखाली किती जागा आहे, गाडी चालवायची सवय किती. ताईच्या रस्त्यात नाशिकरोडची गर्दी आहे, मग शिंदे टोलनाका, मग मोहदरी घाट, आणि बाजूने कायम ट्रक. म्हणजे गर्दीत क्लच हलका पाहिजे, घाटात गाडी तापायला नको, आणि ट्रकच्या मागे ब्रेक मारला तर चाकं लॉक व्हायला नकोत. हे झालं की निम्म्या गाड्या आपोआप यादीतून जातात.

मग हिशोब करा. दिवसाला ६० म्हणजे महिन्याला १५०० किलोमीटर, वर्षाला १८ हजार. समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि खरा एव्हरेज १८ धरला (जाहिरातीतला नाही), तर महिन्याला ८७५० रुपये जातात. तेच सीएनजी ९० रुपये किलो आणि एव्हरेज २५ धरला तर ५४०० होतात, म्हणजे वर्षाला चाळीस हजारांचा फरक पडतो. तुमच्या गावचे भाव टाकून बघा. रोजचं रनिंग ६० असेल तर सीएनजीचा विचार जरूर करा, पण रोज १५-२० किलोमीटरच असेल तर त्या भानगडीत पडू नका, साधी पेट्रोल गाडी घ्या. सीएनजीच्या रांगेत रोज अर्धा तास जाणार असेल तर तोही हिशोबात धरा, कारण रांगेत तुम्ही नाही, ती उभी राहणार आहे.

सीएनजी घ्यायचीच असेल तर कंपनी फिटेडच बघा. बाहेरून किट बसवलेली असेल तर आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर) सीएनजीची नोंद आहे का ते आधी बघायचं, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सहन करते का ती तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते तिचं सर्टिफिकेट मागायचं. नोंद नसेल तर गाडी कितीही चांगली असू दे, सोडून द्या, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथेच ठेवतात.

डिझेल या बजेटमध्ये आणि रोजच्या कामाला मी सुचवत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ वेगात चालावी लागते, शहरातल्या रखडत्या प्रवासात तो चोक होतो आणि खर्च मोठा निघतो. जुनी डिझेल स्वस्त मिळते, पण इंजेक्टर नाहीतर टर्बोचं काम निघालं तर स्वस्ताई तिथेच संपली.

पायरी २: कोणत्या गाड्या

इथे मी स्पष्टच सांगतो, दुसऱ्यासाठी घेताना कंटाळवाणी गाडी घ्या. जी प्रत्येक गॅरेजवाल्याने शंभरदा उघडली आहे, जिचे पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात. वॅगनआर, सेलेरिओ, अल्टो के१०, स्विफ्ट पेट्रोल, ह्युंदाईची ग्रँड आय१० आणि २०१८ नंतरची सँट्रो, टाटाची टिआगो. यातली कुठलीही नीट ठेवलेली मिळाली तर चालेल. होंडा ब्रिओचं इंजिन छान आहे, पण ती बंद झालेली गाडी आहे, तुमच्या गावात होंडाचं काम करणारा माणूस असेल तरच घ्या.

फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्या बनवणं थांबवलं, शेवरोलेने २०१७ च्या शेवटी विक्री बंद केली, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या बाजारात फार स्वस्त दिसतात आणि त्यातल्या काही चालवायला खरंच चांगल्या आहेत. ज्याला स्वतःला हौस आहे, पार्ट शोधत फिरायला वेळ आहे त्याने घ्याव्यात. ताईसारख्या माणसाला देऊ नका. एक हेडलाइट फुटला आणि पार्ट यायला पंधरा दिवस लागले तर ती पंधरा दिवस बसने जाणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मॉडेलचं वर्ष. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नवीन कारमध्ये एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं, आणि १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा बझर, स्पीडचा इशारा आणि रिव्हर्स सेन्सर. म्हणून मी कोणालाही सांगतो की पन्नास हजार कमी-जास्त होत असतील तर जुलै २०१९ च्या पुढची छोटी गाडी घ्या, २०१४ ची मोठी घेऊ नका. आरसीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, रजिस्ट्रेशनची तारीख बघून फसू नका. त्याआधीची घ्यावी लागलीच तर टॉप मॉडेल शोधा, त्यात एबीएस आणि एअरबॅग असायची शक्यता जास्त. टिआगोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या) टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले होते, हायवेवर रोज जाणाऱ्यासाठी ही गोष्ट माझ्या मते एव्हरेजपेक्षा मोठी आहे.

ऑटोमॅटिकबद्दल विचारणार असाल तर या बजेटमध्ये बहुतेक एएमटी (साध्या गिअरबॉक्सवरच क्लच-गिअरचं काम आपोआप करणारी) मिळते. गर्दीत गुडघ्याला आराम मिळतो हे खरं आहे. पण चढावर थांबून निघताना काही गाड्या मागे सरकतात, आणि त्यात बिघाड झाला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक हात लावत नाही. चालवणाऱ्याला घेऊन घाटात ट्राय करा आणि तिलाच ठरवू द्या.

पायरी ३: जायच्या आधी मोबाईलवरच चाळणी

गाडीचा नंबर मागा. देत नसेल तर पुढची गाडी. नंबर मिळाला की एम-परिवहन ॲपवर टाका. कितवा ओनर, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, पीयूसी, सगळं दिसतं. मग महाराष्ट्र ट्रॅफिकच्या ई-चलानच्या साइटवर थकलेले दंड बघा, ते सौदा करताना त्याच्याकडूनच भरून घ्यायचे.

सर्व्हिस रेकॉर्ड हे सगळ्यात मोठं हत्यार आहे. गाडी ज्या कंपनीची त्या सर्व्हिस सेंटरला मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्यालाच हिस्टरी काढून द्यायला सांगा, कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर सर्व्हिस झाली ते त्यात असतं. मीटर मागे घेतलेला तिथे लगेच उघडा पडतो. २०२१ मध्ये ६२ हजार लिहिलंय आणि आज मीटर ४८ हजार दाखवतोय, असं निघालं तर पुढे बोलायचं कारणच नाही. रेकॉर्ड नसेल तर क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंगची चकाकी बघा, ड्रायव्हर सीटची उजवी कड बघा. ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही.

दुसऱ्या राज्याची गाडी, खास करून दिल्ली-हरियाणा पासिंगची, स्वस्तात मिळते म्हणून लोक भुलतात. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांच्या वरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या वरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत, म्हणून भाव पडलेला असतो. इकडे आणली की तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथे पुन्हा रोड टॅक्स (गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण भरावा लागतो) आणि नवीन नंबर, एवढं सगळं करून हातात काही उरत नाही. एमएच पासिंगच घ्या, शक्यतो स्वतःच्या जिल्ह्याची. पंधरा वर्षं होत आलेली गाडी पण नको, एप्रिल २०२२ पासून कारच्या री-रजिस्ट्रेशनची फीच पाच हजार झाली, वर ग्रीन टॅक्स आणि फिटनेस वेगळं.

पायरी ४: गाडी प्रत्यक्ष बघणं

सकाळी जा, दिवसाउजेडी, पावसात नाही. ओल्या गाडीचा रंग सगळीकडे सारखा दिसतो. आणि फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कशासाठी गरम करून ठेवली ते विचारा, आणि परत दुसऱ्या दिवशी यायची तयारी ठेवा, कारण थंड इंजिन कसं सुरू होतं यावरून जेवढं कळतं तेवढं अर्ध्या तासाच्या चक्करमध्ये कळत नाही. सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरमागे उभं करा. एका सेल्फमध्ये सुरू व्हायला हवी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ येते ती चालते, पण गरम झाल्यावर पण पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय, ती गाडी सोडा. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, लोण्यासारखा पिवळट थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलंय किंवा गाडी फार कमी चालली आहे, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कूलंटच्या बाटलीत रंगीत कूलंट पाहिजे, साधं पाणी आणि गंज दिसला तर त्या मालकाने गाडीकडे बघितलेलंच नाही.

ठोकलेली गाडी ओळखायला मशीन लागत नाही. बॉनेट उघडा आणि दोन्ही बाजूंच्या फेंडरचे बोल्ट बघा. कंपनीत बॉडीला रंग मारतात तेव्हा बोल्टच्या डोक्यावर पण तोच रंग अखंड असतो. पाना लागला की कडेचा रंग उडतो आणि खालचा धातू दिसतो. एका बाजूचे बोल्ट उडालेले आणि दुसरीकडचे जसेच्या तसे, म्हणजे त्या बाजूला काम झालंय. नुसता फेंडर बदलला असेल तर हरकत नाही, शहरात चालणाऱ्या गाडीला तेवढं लागतंच. पण मग दरवाजाचं रबर बीडिंग थोडं ओढून पिलर (दाराच्या बाजूचा उभा खांब) बघा, तिथे कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके एका ओळीत सारख्या अंतरावर असतात. ते पुसलेले, पुट्टी भरलेले, वेडेवाकडे दिसले तर गाडीच्या सांगाड्याला मार बसलाय, रोज हायवेवर जाणाऱ्या माणसाला अशी गाडी देऊ नये, किंमत निम्मी केली तरी देऊ नये. सगळ्या काचांवर कंपनीचं नाव आणि वर्षाची खूण असते, एखादी वेगळी निघाली तर ती का बदलली विचारा.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी हा आपल्याकडचा मोठा धोका आहे. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, शेकडो गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या धुवून-पुसून परत बाजारात आलेल्या असू शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. रोज जेवढा ओढला जातो तेवढा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी साफ करत नाही, पाणी गेलं असेल तर तिथे चिखलाची आडवी रेषा नाहीतर तपकिरी डाग सापडतो. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळाचे नट बघा, मॅट उचला, डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. गंज आणि कुबट वास एकत्र आले तर तिथून निघा. अशा गाडीचं वायरिंग आज चालेल आणि सहा महिन्यांनी रात्रीच्या वेळी बंद पडेल.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरवरची नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांच्या वरचे टायर बदलायचेच असं धरून चला आणि चार टायरचे पैसे भावातून मागा.

पायरी ५: चालवून बघताना चालवणारीच स्टिअरिंगवर

आधी ती बसणार, मग तुम्ही. रोज कामावर जाताना जी चप्पल किंवा बूट घालते ते घालूनच यायला सांगा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय ताणून अंगठ्याने दाबावा लागत असेल तर सीट पुढे घ्या, आणि पुढे घेतल्यावर छाती स्टिअरिंगला चिकटत असेल तर ती गाडी तिच्या मापाची नाही. सीट वर-खाली करायची सोय बुटक्या माणसाला फार उपयोगाची, ती बेस मॉडेलमध्ये बऱ्याचदा नसते. आरशातून मागचं दिसतं का, रिव्हर्स घेता येते का. वॅगनआर बऱ्याच बायकांना आणि वयस्कर माणसांना आवडते ती याचमुळे, उंच बसता येतं आणि समोरचं मोकळं दिसतं.

मग तुम्ही चालवा. एसी फुल, खिडक्या बंद, टेप बंद. खड्ड्यातून हळू न्या, पुढून खडखड आली तर लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनचे पार्ट) गेलेत, खर्च फार नाही पण भावात धरा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का बघा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही, तर क्लच प्लेट गेली. जमलं तर रोजच्याच रस्त्यावर न्या, ताईच्या बाबतीत मोहदरी घाट, आणि तापमानाचा काटा किंवा दिवा बघत राहा. परत आल्यावर इंजिन सुरू ठेवून पाच मिनिटं थांबा, रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे आणि बंदही झाला पाहिजे. खाली जमिनीवर बघा, एसीचं स्वच्छ पाणी चालेल, बाकी काही टपकायला नको.

एवढं पार पडलं की मग आपला मेकॅनिक. विकणाऱ्याने सुचवलेला नको. लिफ्टवर घ्यायला लावा, स्कॅनर लावायला लावा. हजार-पाचशे जातील, जाऊ द्या.

पायरी ६: सौदा आणि कागद

भाव करताना नवीन गाडीची आजची ऑनरोड किंमत खिशात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवीन गाड्यांचे भाव उतरले, पण जुन्या गाड्यांचे काही मालक अजून आधीच्या हिशोबानेच बोलतात. टायर, बॅटरी, क्लच, जे जे सापडलं ते कागदावर लिहून समोर ठेवा आणि बसून बोला. बजेटमधले चाळीस-पन्नास हजार गाडीच्या किमतीत घालू नका, ते पहिल्या महिन्याच्या कामाला लागतात.

टोकन द्यायच्या आधी ओरिजिनल आरसी हातात घेऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा, फोटोवर विश्वास ठेवू नका. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) लागतो. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना सगळे टीटी फॉर्म म्हणतात, त्यांवर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. पैसे बँकेतूनच द्या, आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सह्यांनी करा. दुसरी चावी मागून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षित) नंबरप्लेट लागली आहे का तेही बघा.

आता एक गोष्ट, जी दुसऱ्यासाठी गाडी घेताना हमखास चुकते. पैसे तुम्ही दिले, कर्ज तुमच्या नावावर निघालं म्हणून गाडी तुमच्या नावावर करायचा मोह होतो. शक्य असेल तर जी रोज चालवणार तिच्याच नावावर करा. इन्शुरन्ससोबत जे पंधरा लाखांचं ओनर-ड्रायव्हरचं अपघाती कव्हर असतं ते ज्याच्या नावावर गाडी आणि लायसन्स आहे त्याला लागू होतं. गाडी तुमची आणि चालवते ताई, तर त्या कव्हरमध्ये ती बसत नाही. नावावर तुमच्याच करावी लागली तर तिच्यासाठी वेगळी अपघाती पॉलिसी काढा.

जुनी पॉलिसी चालू असली तरी १४ दिवसांत नावावर करून घ्यायची, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागतो. आरसी ट्रान्सफर "करू हो नंतर" म्हणत ठेवू नका. विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करायला लावून नवीन घ्या, आणि रोजच्या रस्त्यावरचा नाका नॅशनल हायवेच्या पासमध्ये बसत असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांत सुरू झालेला वार्षिक पास काढून द्या, २०० फेऱ्या मिळतात.

पायरी ७: चावी द्यायच्या आधी

पहिल्या सर्व्हिसचं काही विचारू नका, सगळंच करून टाका. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, वायपर, ब्रेक पॅड उघडून बघणं, बॅटरी चेक, अलाइनमेंट. पेट्रोलच्या रबरी नळ्या तडकलेल्या असतील तर बदला, इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांत तिकडे लक्ष ठेवलेलं बरं. डिकीत जॅक, पाना, हवा भरलेली स्टेपनी आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा.

मग तिला गाडीजवळ उभं करून तीन गोष्टी करून दाखवा, सांगून नाही, तिच्याच हाताने करून घ्या. हवा किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कुठे लिहिलंय. तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी डावीकडे घेऊन लगेच बंद करायची, दोन किलोमीटर पुढे रेटायची नाही, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर तेच. तिच्या रस्त्यावरच्या, म्हणजे घराजवळच्या एका आणि कंपनीजवळच्या एका गॅरेजचा नंबर आणि इन्शुरन्सच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.

पहिला महिनाभर दर रविवारी सकाळी, थंड गाडीवर, ऑइलची पट्टी आणि कूलंटची पातळी बघायची आणि तुम्हाला फोटो पाठवायचा असं ठरवा. कूलंट उतरत असेल तर वरून ओतत राहू नका, त्याच आठवड्यात गॅरेजला दाखवा.